जिनच्या भिंतीवरचा पूर

१

नदी वाळूत पडून होती आणि पूर भिंतीवर चढला होता.

चैत्राचं ऊन तापायला लागलं होतं. दुधनेत म्हशीचं पोट भिजेल एवढंही पाणी नव्हतं. तरी काठावरच्या जुन्या जिनमध्ये, जिथं जुन्या मालक शेठच्या वेळी कापसाच्या गाठी दाबत त्या लांब खोलीत, भिंतीला चिखलाची रेघ उमटली होती. खोलीच्या एका टोकाला गाठी रचायचा छातीएवढा ओटा, त्याला आतून-बाहेरून पायऱ्या आणि ओट्यावर एक दार. दुसरं दार समोरच्या टोकाला, जमिनीलगत. रेघ ओट्यावरच्या दाराच्या उंबऱ्यापासून निघून साऱ्या भिंतीवरनं फिरली होती. रेघेच्या वर चुना, खाली सगळं मातकट. पाणी चढावं, थांबावं आणि निघून जावं, तशी खूण.

माणिकराव साहेबांनी रेघेला पट्टी लावली. हा माणूस मुंबईच्या कंपनीसाठी जुन्या जागा पारखत फिरायचा. मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात तो सेलूला रेल्वेनं उतरला आणि छकड्यात बसून इथवर आला. कंपनीला नदीकाठी सरकीची तेलगिरणी काढायची होती, शेजारी कापसाची वखार आणि रस्त्याच्या अंगाला दुकानं. चिमणी तशीच राहणार, भिंती त्याच राहणार, आत नवी यंत्रं बसणार. अडचण एकच. भिंतींच्या आत पाणी येतं का, ते कळायला हवं. येत असेल तर कंपनी दुसरीकडं जाणार.

जागा म्हाळसाबाईची. तो जुना शेठ जिन बंद करून निघाला तेव्हा तिनं निम्मा कळप विकून ती घेतली होती. साऱ्या धनगरवस्तीनं तेव्हा पदराआड हसून घेतलं. मेंढरं विकून भिंती घेतल्या, आता भिंतींचं दूध काढ म्हणाव. म्हाळसाबाईनं हसणाऱ्या प्रत्येकीचं तोंड ध्यानात ठेवलं होतं. गिरणी निघाली की त्याच बायांना सरकी निवडायचं काम ती स्वतः उभी राहून देणार होती, आणि देताना काय बोलायचं तेही तिनं ठरवून ठेवलं होतं.

म्हणूनच पहिल्या दिवशी ओट्यावर चहा पिताना तिनं छाती ठोकून सांगितलं होतं, आतून पाणी लागलेलं दावा, मी ह्या वस्तीत तोंड दावणार न्हाई.

"म्हाळसाबाई," साहेब शांतपणे म्हणाले, "तुमचे शब्द मला आठवतात."

"मलाबी आठवत्यात. मी काय मेले न्हाई अजून."

"आणि हेही तुम्हीच सांगितलंत. तुम्ही नवी नवरी होता तेव्हा मोठा पूर आला आणि वरच्या दाराला लागला."

"लागला व्हता. दाराला. आत न्हाई."

"मग हे काय?"

म्हाळसाबाईनं भिंतीकडं पाहिलं. दारात तिचा दीर उमाजी उभा होता, त्याच्या मागं मानवतचे कापूसवाले बन्सीधर शेठ आणि परभणीचे जावई दिनकरराव. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते.

२

साहेब माणूस नेक होता, हे म्हाळसाबाईनं पुढं सगळ्यांना सांगितलं. दुसरा असता तर वही मिटून छकडा जुंपायला सांगितला असता. हे गृहस्थ मात्र गुडघ्यावर बसले आणि नखानं भिंत खरवडू लागले.

"गंमत आहे," ते म्हणाले. "छातीपाशी चिखल घट्ट बसलाय. खाली मांडीच्या उंचीला मात्र पोपडे सुटून पडतायत. एकच भिंत, एकच चिखल. असं का व्हावं?"

म्हाळसाबाईनं वाकून एक पोपडा उचलला. मागं भिंत काळी, गुळगुळीत, बोट लावलं तर बोट चमकावं अशी. तिनं बोट नाकाला लावलं आणि सकाळपासून पहिल्यांदा हसली.

"साहेब, वास घ्या."

साहेबांनी घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"मेंढराच्या अंगचं तेल हाय हे. लोकरीला असतं. मेंढरं भिंतीला अंग घासत्यात, भिंत त्यांच्या उंचीएवढी तेलकट व्हती. त्याच्यावर चिखल कसा धरंल? आता मला सांगा, मेंढरं ह्या खोलीत कवापासून बसायलीत?"

"जुने शेठ गेल्यापासून, असं तुम्ही म्हणालात."

"आन् पूर कवाचा?"

साहेब उठून उभे राहिले. "तुमच्या लग्नाच्या वेळचा. म्हणजे पुराचा चिखल तेलाच्या खाली हवा."

"आन् हा हाय तेलाच्या वर. आमची मेंढरं आधी बसली आन् तुमचा पूर मागनं आला. अशी नदी मी तर पाहिली न्हाई."

साहेबांनी मान डोलावली. रेघ खोटी होती, ताजी होती. आदल्या दिवशी सकाळीच उमाजीनं ह्या भिंतीला लावलेला सुगीचा कडबा काढून दिला होता. दिवसभर साहेब चिमणीपाशी आणि काठावर होते, खोली मोकळी होती, कुलूप लावण्यासारखं तिच्यात काही नव्हतं. चैत्रातल्या एका दिवसाचं ऊन चिखल वाळवायला पुष्कळ झालं.

"रेघ मी धरत नाही," साहेब म्हणाले. "पण तुमचं बोलणं मला धरावंच लागेल. पूर वरच्या दाराला लागला, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय."

"पाहिलंय. खुशाल ल्ह्या."

साहेब तिच्याकडं जरा चमत्कारिक नजरेनं बघत राहिले. ही बाई आपल्याच हातानं आपलं घर पाण्यात का लोटतेय, हे त्यांना उमगत नसावं. आणि ते असे का बघतायत, हे तिला उमगत नव्हतं.

"संध्याकाळच्या गाडीनं मी निघेन," ते म्हणाले.

"जेवून निघा. जावई आलेत, पुरण शिजवायचंय. तवर मला बघू द्या, हा पूर कोण्या ढगातनं पडला."

एक गोष्ट तिला टोचत होती. खोटी रेघ काढायचीच, तर एवढी वर का काढावी? गुडघ्याएवढी काढली असती तरी कंपनी पळाली असती. छातीएवढी काढायला किती चिखल, किती कष्ट. ज्यानं काढली त्याला तीच उंची हवी होती. ती कशासाठी?

३

म्हाळसाबाईनं खोलीबाहेरच्या लिंबाखाली सूप घेतलं, हरभऱ्याची डाळ निवडायला बसली आणि उमाजीला हाक मारली.

उमाजी आला तो तोंड फुगवूनच. "वयनी, कडबा मी काढला म्हणून आळ माझ्यावर घ्यायलाव न्हवं?"

"आळ घ्यायचा असता तर चारचौघात घेतला असता. बस."

"मी लपवत न्हाई. मला ही गिरणी नको. पाऊसकाळात मेंढरं कुठं बसवू? तुमच्या डोक्यावर?"

"माझ्या डोक्यावर जागा न्हाई. तिथं तुझ्या बायकोच्या तक्रारी बसल्यात. काल काय केलंस ते सांग."

"कडबा काढला. भिंतीला काय बी नव्हतं, पण माझं कोण ऐकतंय. वरल्या दारानं बाहेर पडलो आन् कळपाकडं गेलो, कळप लेंडीखतासाठी एका शेतात बसवलाय. सांजचा आलो."

"वरल्याच दारानं?"

"मग? पायऱ्या चढउतार करायला मी मुनीम हाय का? मेंढरासारखा आत जातो आन् मेंढरासारखा बाहेर येतो."

"तेवढं मात्र खरं बोललास," म्हाळसाबाई म्हणाली आणि त्याला घागर भरायला पिटाळलं.

बन्सीधर शेठ धोतराचा सोगा सावरत आले. त्यांच्या जोड्यांना चिखल वाळून बसला होता. म्हाळसाबाईनं तिकडं पाहिलं, आणि ती पाहतेय हे शेठनी पाहिलं.

"नदी उतरून आलो, बाई. तुमी पूल बांधला असता तर जोडे कोरडे राहिले असते."

"तुमच्यासाठी पूल बांधायचा म्हंजे तुमच्या गाड्या रोज माझ्या दारात. तशाबी असत्यात म्हणा."

"काल होत्याच. सरकीच्या गाड्या घेऊन मानवतला चाललो होतो. बैल दमले, खालल्या दाराला धक्क्यापाशी सोडले. जुन्या शेठच्या वेळेपासून आमच्या गाड्या तिथंच लागतात. आत बघायला काय ठेवलंय, लेंड्या?"

"तुमाला जागा पायजे, शेठ. परवा चहा पिताना तुमची नजर भिंती मोजायलती."

शेठ हसले. लबाड हसणं, पण उघडं. "पाहिजे. कंपनी नको म्हणाली तर उद्या मीच मागायला येईन. पण जरा डोकं चालवा. मला वखार करायचीय. ही जागा छातीएवढी बुडते अशी बोंब गावोगाव झाली, तर माझ्या वखारीत कापूस कोण ठेवील? कंपनीनं सोडलेली जागा मला चालते. नदीनं धरलेली नाही चालत."

म्हाळसाबाईला हे पटलं. बन्सीधर शेठनं खोटं केलं असतं, पण स्वतःच्या पायावर धोंडा पडेल असं खोटं त्यानं जन्मात केलं नसतं. तिनं त्याला डाळीतला खडा दाखवून टाकून दिला आणि म्हणाली, "जावा, सावलीला बसा. जेवायला थांबा. उगं उपाशी गेलाव तर मानवतभर सांगत फिराल."

दोघं गेले. सुपातली डाळ निवडून होत आली आणि चोर अजून डाळीतच होता.

४

दिनकरराव आपण होऊन आले. हातात पानाचा डबा, अंगात परटाघरचा सदरा. शिकलेला माणूस, परभणीत वाढलेला. सासुरवाडीला आला तरी दोन दिवसांच्या वर टिकत नसे, आणि जिनकडं तर ह्या खेपेलाच पहिल्यांदा आला होता, साहेबांना सोबत म्हणून. म्हाळसाबाईला त्याचं कौतुक होतं. मेंढरामागं न फिरलेला जावई तिनं निवडून आणला होता, आणि वस्तीत ते दोनदोनदा ऐकवलंही होतं.

"मामी, तुम्ही कशाला जिवाला त्रास करून घेताय," तो म्हणाला. "कंपनीचं मन फिरलं तर फिरलं. जागा कुठं पळून जातेय?"

"जागा पळत न्हाई, जावईबापू. माझा शब्द पळायलाय."

"साहेबांनी रेघ धरली नाही ना?"

"रेघ न्हाई धरली. बोलणं धरलंय म्हणत्यात."

"मग खरं तेच लिहितील. आपण तरी काय करणार." त्यानं पान जुळवलं, चुना लावला. घरातून त्याची बायको, म्हाळसाबाईची लेक सुमनबाई, पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तिथंच उभी राहिली.

म्हाळसाबाईनं सहज विचारावं तसं विचारलं. हा प्रश्न जावयाला विचारायचा तिचा विचारही नव्हता. दोघांना विचारला म्हणून तिसऱ्याला विचारला, एवढंच. "काल साहेब चिमणीकडं व्हते, तवा तुमी कुठं व्हता? ऊन लय व्हतं."

"मी होय? मी आत पाऊलसुद्धा टाकलं नाही. वरच्या दाराच्या पायऱ्यांवर बसून होतो. वारं छान लागतं तिथं."

म्हाळसाबाईचा हात सुपात थांबला.

तिनं वर पाहिलं नाही. जावयाकडं नाही, लेकीकडं नाही. डाळीचा एक दाणा चिमटीत तसाच राहिला. रेघ एवढी वर का, साहेब चमत्कारिक का बघत होते, हे सगळं तिला एकदम कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

"माय," सुमनबाई म्हणाली, "काय झालं?"

"काय न्हाई. खडा लागला."

५

जेवणं व्हायची होती. साहेब खोलीत येऊन उभे राहिले, त्यांच्या मागं बाकीचे.

"सापडला का कुणी?" साहेबांनी विचारलं.

म्हाळसाबाई उभी होती, पदर खोचलेला. तिला फक्त एक प्रश्न विचारायचा होता. तो विचारला की जिन वाचत होती आणि तिचा शब्दही. पण त्याच प्रश्नानं लेकीचा नवरा चारचौघात उघडा पडत होता. तो न विचारता साहेबांना वाटे लावावं, तर कागदावर पूर छातीएवढाच राहणार होता, आणि तो तिच्याच तोंडचा म्हणून राहणार होता. वस्ती हसली असती ते तिनं सोसलं असतं. लेक रडली असती ते कसं सोसायचं, हे तिला माहीत नव्हतं.

"काय न्हाई, साहेब," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या."

"माय." सुमनबाई दारातून पुढं आली. ती मघाशी पाण्याचा तांब्या तिथंच ठेवून गेली होती. ह्याच काठाला लहानाची मोठी झालेली पोर, तिच्याही कानाला नवऱ्याच्या तोंडचा तो शब्द लागला होता. "तुझं तोंड कधी असं बंद झालेलं मी पाहिलं न्हाई. माझ्यासाठी करू नगस. इचार."

म्हाळसाबाईनं लेकीकडं पाहिलं. मग साहेबांकडं वळली.

"साहेब, पूर वरल्या दाराला लागला, असं मी म्हणाले. ते वरलं दार मला बोटानं दावा."

साहेबांना प्रश्नच विचित्र वाटला. त्यांनी पायऱ्यांकडं, ओट्यावरच्या दाराकडं बोट केलं. "हे. हेच तर वर आहे."

"उमाजी, तू दाव."

उमाजीनं जमिनीलगतच्या दाराकडं बोट केलं.

"शेठ, तुमी."

बन्सीधर शेठनीही तिकडंच केलं. "पायऱ्यांचं ते खाललं. तिथंच गाड्या लागतात माझ्या, मघाशी सांगितलं की."

साहेबांनी एका दाराकडं पाहिलं, मग दुसऱ्याकडं, आणि हळूच चष्मा काढला.

"काठावर आमी असंच बोलतो," म्हाळसाबाई म्हणाली. "पाणी येतं तिकडं वरलं अंग, पाणी जातं तिकडं खाललं. वरलं रान, खाललं रान, वरलं दार, खाललं दार. उंचीशी त्याचा काय संबंध न्हाई. माझ्या लग्नाच्या साली नदी वरल्या दाराच्या उंबऱ्याला टेकली आन् माघारी गेली. ह्या दाराच्या. आत थेंब न्हाई आला."

"म्हणजे मी लिहिणार होतो..."

"गाठीच्या ओट्यावर पाणी चढलं, असं तुमी ल्हिणार व्हता. माझंच नाव घालून." तिनं भिंतीकडं हात केला. "ज्यानं रेघ काढली त्यालाबी तसंच वाटलं. म्हणून तर एवढी वर काढली, बरोबर त्या उंबऱ्याला जुळवून. माझं बोलणं आन् त्याची रेघ एकमेकांची गवाही देणार व्हते. परवा चहाला ते बोलणं तुमी चौघांनी ऐकलं. उमाजीला आन् शेठला वरलं दार ठावं हाय, त्यांनी रेघ काढली असती तर तिकडं उंबऱ्यापाशी घोट्याएवढी काढली असती. साहेब, तुमाला ठावं नव्हतं, पण तुमी काल दिवसभर चिमणीला चिकटलेलं साऱ्या वस्तीनं पाहिलं."

चौथ्याचं नाव तिनं घेतलं नाही. घ्यावं लागलं नाही.

"हे काहीतरीच," दिनकरराव म्हणाला. पान त्याच्या गालात तसंच होतं. "साहेबांना जसं वाटलं तसं मलाही वाटलं असेल. एका शब्दावरून माणूस चोर ठरतो का?"

"मी चोर कुणाला म्हणाले, जावईबापू? पण एक सांगा. कंपनी इथनं उठली तर कुठं बसंल?"

उत्तर सुमनबाईनं दिलं, आणि ते साहेबांना उद्देशून होतं.

"परभणीला स्टेशनाजवळ आमचं रान हाय. ह्यांच्या आज्याचं. तिथं गिरणी आली पायजे असं घरात पौषापासून बोलणं चालतंय. मला वाटलं, बोलणंच हाय. आन् काल सांजच्याला ह्यांचा सदरा मीच धुतला, साहेब. बाह्यांना गाळ व्हता. विचारलं तर म्हणाले, नदीवर तोंड धुतलं."

दिनकररावानं एकदा बायकोकडं पाहिलं आणि मान खाली घातली. मग तो कोपऱ्याकडं तोंड करून पान थुंकायला गेला आणि तिथंच उभा राहिला.

साहेबांना अशा वेळी काय करावं ते कळत होतं. त्यांनी काही पाहिलंच नाही अशा चेहऱ्यानं पट्टी उचलली आणि वरल्या दाराकडं चालू लागले. उंबऱ्याशी बसून त्यांनी बाहेरचा उतार पाहिला, दगड पाहिला. "कंपनीला कळवतो," ते तिथूनच म्हणाले, "की पूर दारापर्यंत येतो आणि आत येत नाही. बाहेर एक कठडा बांधला की झालं. जागा चांगली आहे."

म्हाळसाबाईनं हे ऐकलं. वर्षानुवर्षं ह्याच बोलण्याची वाट पाहिली होती, आणि आता ते कानावर पडून नुसतंच गेलं.

दिनकरराव तोंड पुसत आला. "सुमन, चल," तो हळू म्हणाला. "निघू आपण."

सुमनबाई जागची हलली नाही.

"तुमी व्हा म्होरं," ती म्हणाली. "सासूबाईंना सांगा, सुमन मायकडं ऱ्हायली. कशापायी ऱ्हायली, ते तुमीच सांगा. सांगून झालं, त्यांनी ऐकून घेतलं, की मग मला न्यायला या. मी येईन. पण ते सांगायचं माझ्यावर टाकू नका. मी सांगायला लागले तर लय खरं सांगीन."

बन्सीधर शेठ खाली बघू लागले. उमाजीनं उगाच मुंडासं सारखं केलं. आणि म्हाळसाबाई, जिच्या जिभेला सारी वस्ती वचकून असे, ती लेकीकडं बघत राहिली. ही जीभ पोरीनं कुठून उचलली हे तिला पुरतं ठाऊक होतं, फक्त तिला एवढी धार असेल आणि ती एवढ्या हळू आवाजात चालेल, हे ठाऊक नव्हतं.

"उमाजी," ती शेवटी म्हणाली, "जावईबापूंसाठी छकडा जुंप. पुरण शिजलं नसंल तर भाकरी बांधून दे. आन् पाण्याची घागर ठेव संगं. वाट लांब हाय, आन् आज त्यांना घरी जाऊन लय बोलायचंय."

मग तिनं लेकीचा हात धरला आणि दोघी साहेबांच्या मागं, कठडा कुठं बसतो ते बघायला गेल्या.